दमलेल्या डोक्याचं वजन

व्यायामशाळा चालवणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. दंड किती दिवसांत भरतील, आणि अंडी खाल्ल्याशिवाय जमेल का. वीस-बावीस वर्षं मी भंडाऱ्यात ह्या दोन प्रश्नांची उत्तरं देत आलो. पहिल्याचं उत्तर 'तुझ्यावर आहे' आणि दुसऱ्याचं 'जमेल, पण हरभरे तरी भिजवून खात जा'. ज्या गोष्टीबद्दल मला कुणी कधीच विचारलं नाही, ती आज लिहायला बसलो आहे. विचारलं असतं तरी त्या काळात मी चुकीचंच उत्तर दिलं असतं, आणि तेही छाती ठोकून.

दिवसा मी एका शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. पी.टी.च्या मास्तराला शाळेत मान किती, तर घंटा वाजवणाऱ्या शिपायापेक्षा जरासा जास्त. गणिताच्या मास्तरांना बरं नसलं की त्यांचा वर्ग सांभाळायचा, पाहुणे आले की सतरंज्या घालून घ्यायच्या, आणि सव्वीस जानेवारीला मात्र छाती काढून सगळ्यांच्या पुढे चालायचं. पण संध्याकाळी पाच ते आठ मी मंडळाच्या व्यायामशाळेत असायचो, आणि तिथं मी राजा होतो. हे जे लिहितो आहे ते त्या राजाच्या कारभाराविषयी आहे. कारभार काही फार चांगला नव्हता.

व्यायामशाळा म्हणजे टिनाची लांबट शेड. मागच्या बाजूला लाल मातीचा आखाडा, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि पुढच्या अर्ध्या भागात लोखंड. मी मुळात कुस्तीतला. वजनं उचलण्याचं शिक्षण मी महिनाभराच्या एका शिबिरात घेतलं आणि परत आल्यावर मंडळाच्या मागे लागून लोखंड जमवलं. दांडी विकत आणली. चकत्या मात्र गावातल्याच एका भट्टीत ओतून घेतल्या. विकतच्या चकत्यांवर वजनाचा आकडा उठवलेला असतो, आमच्या चकत्या कोऱ्या. दहा किलोची आणि पंधरा किलोची चकती घेराने सारखी, फरक फक्त जाडीत, तोही बोटभर. पांढऱ्या रंगाने आकडे काढले की दोन महिन्यांत घामाच्या हातांनी पुसले जायचे. मग हाताने तोलून ओळखायचं आणि मोजून चढवायचं.

आखाड्यात एक रीत असते, जो माती खेळणार त्यानेच ती खोदायची. तीच रीत मी लोखंडाला लावली. ज्याला उचलायचं त्यानेच दांडीवर चकत्या चढवायच्या, चकत्या घसरू नयेत म्हणून त्यानेच बाहेरून कडी लावायची, त्यानेच उतरवायच्या. दुसऱ्याने चढवलेलं वजन उचलणारा आमच्याकडे नवरदेव म्हणून ओळखला जायचा. आणि शेडच्या भिंतीवर मी स्वतःच्या हाताने, गेरूने, मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहिलं होतं: 'दमतो तो देह. मन दमत नाही.' हे वाक्य कुठल्या संताचं, असं लोक मला विचारायचे. ते माझंच होतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. ताकद मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे एकदाच, जीव एकवटून, जास्तीत जास्त किती उचलता येतं ते पाहायचं. दुसरी म्हणजे त्याहून कमी वजन ओळीने किती वेळा उचलता येतं ते. स्पर्धा पहिल्या तऱ्हेची असते, पण रोजची मेहनत दुसऱ्या तऱ्हेची. आठ वेळा उचल, थांब, पुन्हा आठ वेळा. ह्या आठांपैकी पहिल्या पाचांना काही किंमत नाही. शरीर बनतं ते सहाव्या, सातव्या, आठव्याने. आणि माणूस सोडून देतो तोही तिथंच.

कोण कुठे सोडून देतो हे पाहण्यात माझी हयात गेली. त्यात एक कोडं होतं, ते मला डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

करडीचा रामाजी नावाचा एक धानाचा शेतकरी होता. आठवड्यातून दोनदा सायकल मारत यायचा. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं लावायची वेळ, तो दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेला असायचा. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, पाठ ताठ होत नाही, तरी येऊन खांद्यावर दांडी घ्यायचा आणि आठाच्या आठ बैठका मारायचा. मी म्हणायचो, "रामाजी, आज तरी आराम कर गा." तो म्हणायचा, "आराम तं दिवसभर झाला जी. बायका गाने म्हनत होत्या, मी चिखल तुडवत होतो. डोक्श्याले काय काम होतं?" आम्ही हसायचो. त्या माणसाने मला सगळं शास्त्र एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी त्याला विनोद समजलो.

त्याच्या उलट एक गणिताचे मास्तर. दिघोरीकडचे होते, अंगाने चांगले. बाकावर आडवं पडून छातीवरची दांडी बारा वेळा सहज ढकलायचे. परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस आले की हे बारावरून एकदम सातावर. सकाळपासून खुर्चीत बसून उत्तरपत्रिका वाचलेल्या, हाताला लाल पेन सोडून कशाचा भार नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, लाल शाई एवढी जड असते का?" ते उठून बसले, चष्मा पुसला, म्हणाले, "गुरुजी, हात थकले नाही माझे. पण सातवा झाला की आतून कोनीतरी म्हन्ते, पुरे." मी भिंतीवरच्या वाक्याकडे बोट केलं. मास्तर नंतर यायचे बंद झाले. मला वाटलं, बरं झालं, नखरेल माणूस गेला.

असे पुष्कळ होते. एका खऱ्याखुऱ्या नवरदेवाला लग्नाआधी पंधरा दिवसांत छाती हवी होती. त्याने दोरीने छाती मोजून घेतली, आणि दोरी मात्र रोज नवीन आणायचा. कोंढ्याचा एक किराणा व्यापारी फक्त मारुतीला नमस्कार करून पारावर बसायचा आणि गावात सांगायचा की मी व्यायामशाळेत जातो. त्यांच्याबद्दल हसत हसत लिहिता येईल. पण मला लिहायचं आहे ईश्वरबद्दल, आणि तिथं हसण्यासारखं फारसं नाही.

ईश्वर कोष्टी. वय पंचवीसच्या आसपास, लग्न झालेलं. घरी कोशाच्या रेशमाचा माग. बाप, ज्यांना सगळे बापू म्हणायचे, ते करवतकाठी लुगडी विणण्यात नावाजलेले. करवतकाठी म्हणजे काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. ती छापलेली नसते, एकेक धागा मोजून विणावी लागते. एक धागा इकडेतिकडे झाला की दाता वाकडा, आणि तो वाकडा दाता लुगडं फाटेपर्यंत दिसतो. बापूंची नजर अधू होत चालली तसा काठ ईश्वरकडे आला. लोक सांगत की पोराचा काठ बापापेक्षा सरळ आहे. बापू स्वतःही सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा.

दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारा हा माणूस ताकदीने कसा भरला, हे मला न उलगडलेलं आहे. मांड्या खांबासारख्या. आणि डोकं शांत. व्यायामशाळेत त्याचा आणखी एक मान होता. चकत्या कोऱ्या असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही ही धास्ती सगळ्यांना असायची. मग हाक जायची, "ईश्वरभाऊ, पाहून द्या गा जरा." तो यायचा, चकत्यांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, ओठ हलवत मोजायचा आणि म्हणायचा, "बराबर आहे." त्याने बराबर म्हटल्यावर कुणी पुन्हा पाहायचं नाही. मीही नाही. कोष्ट्याचं मोजणं चुकत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

दोन वर्षं मी त्याला घडवला. त्या काळी आमच्या जिल्ह्यातून वजन उचलणारा माणूस विदर्भाच्या संघात गेल्याचं मला तरी माहीत नव्हतं. नागपूरला निवड होती आणि ईश्वर तिथं बसणार ह्याबद्दल मला शंका नव्हती. खरं सांगायचं तर निवडीची भूक त्याच्यापेक्षा मला जास्त होती. शाळेतल्या सतरंज्या घालून घालून मला वीट आला होता. माझा माणूस विदर्भात गेला असता म्हणजे मला कुणीतरी वस्ताद म्हटलं असतं. ईश्वर माझ्यासाठी जात होता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला कळत होतं.

निवडीला आठ दिवस उरले होते. स्पर्धेच्या आठवड्यात मेहनत हलकी करायची असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमचा हिशेब सरळ, स्पर्धा जवळ आली की जास्त घाम.

त्या संध्याकाळी ईश्वर आला आणि आत न येता पायरीवर बसला. मी विचारलं, "काहून गा, आज बाहेरच?"

तो म्हणाला, "गुरुजी, आज राहू द्या जी."

"ताप आहे का?"

"ताप नाई. नवा ताना भरून राह्यलो तीन दिवसांपासून. डोकं चालून नाई राह्यलं."

ताणा भरणं म्हणजे काय ते मला नीट नंतर कळलं. नवं लुगडं मागावर चढवताना हजारो उभे धागे एकेक करून फणीच्या बारीक फटींतून ओवून घ्यावे लागतात. एक धागा चुकला तर तिथून पुढचे सगळे चुकतात. बापूंना दिसत नाही, म्हणून सगळं ईश्वरवर. त्यात दुसऱ्या दिवशी मधेच एक धागा सुटल्याचं लक्षात आलं, आणि अर्धं ओवलेलं काढून त्याने पुन्हा ओवायला घेतलं. तीन दिवस तो जागचा हलला नव्हता. त्या तीन दिवसांत त्याने सुतापेक्षा जड काहीही उचललं नव्हतं.

हे सगळं त्याने मला थोडक्यात सांगितलंही. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "डोक्याने कोण उचलतं गा? पायाने उचल."

आतले सगळे हसले. ईश्वरही हसला आणि उठून आत आला. तो हसला नसता, तर कदाचित मी थांबलो असतो. पण हे मी आता स्वतःचं मन राखायला म्हणतो आहे.

आधी मी त्याला एक जड वजन एकदाच डोक्यावर घ्यायला लावलं. त्याने घेतलं. नेहमीसारखं, स्वच्छ. मला तेवढंच हवं होतं. मी सगळ्यांकडे वळून म्हणालो, "पाहा, दमलेला माणूस." ही माझी पहिली चूक, आणि पुढच्या सगळ्या चुका तिच्यावर उभ्या आहेत. डोकं दमलेला माणूस एकदा उचलू शकतो. एका वेळेपुरता तो सगळा जीव गोळा करतो. त्याला जमत नाही ते पुन्हापुन्हा करणं. मास्तरांनी मला तेच सांगितलं होतं.

मग बैठका. खांद्यावर दांडी घेऊन आठ. पहिल्या आठ त्याने मारल्या, पण शेवटच्या दोनांना त्याचा श्वास तुटत होता. दांडी घोडीवर, म्हणजे तिच्या लोखंडी टेकूवर, ठेवून तो म्हणाला, "वजन तेच आहे ना जी? आज लय भारी लागून राह्यलं."

"तेच आहे. तूच तं चढवलं."

दुसऱ्या खेपेला तो पाचावर थांबला. सरळ उभा राहिला, दोन पावलं पुढे गेला आणि दांडी घोडीवर ठेवून दिली. पाय थरथरत नव्हते. मांड्यांना हात लावून पाहिलं, गरम होत्या, पण ताठलेल्या नव्हत्या. इतकी वर्षं मांड्या चाचपलेला हात मला सांगत होता की ह्या मांड्यांत अजून आठ आहेत. हात खरं तेच सांगत होता. त्यावरून मी ठरवलं की हा आळस करतो आहे.

मी म्हणालो, "पाचावर सोडलं, आता वजन वाढव. प्रत्येक बाजूला आणखी दोन चकत्या. आणि आठ झाल्याशिवाय ठेवायचं नाही."

तो चकत्यांच्या ढिगाकडे गेला. इथं मी जे पाहिलं ते नीट लिहिलं पाहिजे. त्याने एक चकती उचलली आणि ती हातात धरून तो उभा राहिला. बराच वेळ. तिच्या कडेवर अंगठा ठेवला, पण फिरवला नाही. तिच्याकडे पाहत होता, आणि ती किती किलोची आहे हे त्याला आठवत नसल्यासारखा त्याचा चेहरा होता. मी ते पाहिलं. मला वाटलं, वेळ काढतो आहे. मी ओरडलो, "लुगडं विणतो का तिथं?"

त्याने चकत्या चढवल्या, कड्या लावल्या. उजवीकडे दोन पंधराच्या, डावीकडे दोन दहाच्या; हे नंतर मोजलं तेव्हा कळलं.

एरवी जड बैठकांना दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा राहतो. डावीकडे माणूस होता. उजवीकडे मी उभं राहायचं होतं. पण मी समोर जाऊन उभा राहिलो, कारण मला त्याचा चेहरा पाहायचा होता. कुठल्या आकड्यावर तो सोडून द्यायला बघतो, ते पकडायचं होतं मला.

मी मोजत होतो. एक, दोन, तीन. चौथ्याला दांडी उजवीकडे झुकलेली मला दिसली आणि मी म्हणालो, "सरळ धर." पाच. सहा. प्रत्येक वेळी तो झोक सावरून उठत होता. शाबूत डोक्याच्या माणसाने पहिल्याच बैठकीला दांडी परत ठेवली असती, वजन वेडंवाकडं आहे म्हणून. त्याला ते जाणवतच नव्हतं, किंवा जाणवून काय करायचं ते सुचत नव्हतं. सातव्याला तो खाली गेला आणि वर येता येता उजवा खांदा खचला. दांडीचं डावं टोक वर उसळलं, आणि सगळं लोखंड उजवीकडे फिरलं. दांडी त्याला मानेपासून खांद्यावरून घासत खाली घेऊन गेली. डावीकडचा माणूस धावला. मी समोर होतो. मी पोचेपर्यंत तो दांडीखाली होता.

तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "किती झाल्या जी?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मान वाचली, हाड शाबूत आहे, पण खांद्यापासून हाताला जाणारी नस ताणली गेली आहे. हात परत येईल, नाही येईल, सांगता येत नाही. ईश्वरचा उजवा हात खाटेवर पडून होता आणि तो डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून हलवून पाहत होता. बापू उशाशी बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला.

आठ-दहा दिवसांनी मंडळाच्या कमिटीची बैठक झाली. व्यायामशाळेत माणूस जखमी झाला म्हणजे विचारणा होणारच. मी लेखी दिलं: 'सदर इसमाने वजन स्वतः चढवले. चकत्या दोन्ही बाजूंस असमान लागल्याने अपघात झाला.' ह्या दोन ओळींत एक शब्दही खोटा नव्हता. पायरीवर तो काय म्हणाला ते त्यात नव्हतं. चकती हातात धरून तो किती वेळ उभा होता, तेही नव्हतं. कमिटीचे दोघे दवाखान्यात जाऊन त्याला विचारून आले. तो म्हणाला, "हो जी. माहंच मोजनं चुकलं." प्रकरण मिटलं. मंडळाने मला पुढेही ठेवलं.

हात परत आला. वर्ष लागलं, पण आला. आधी बोटं, मग मनगट. मी सुटलो असं मला वाटलं.

मग एके दिवशी ईश्वरची बायको, कमला, माझ्या शाळेत आली. फाटकाजवळ उभी राहिली आणि शिपायाकरवी निरोप धाडला. मी बाहेर आलो तर डोक्यावरचा पदर धरून म्हणाली, "गुरुजी, तुमी समजावा त्यायले. हात चालून राह्यला. पानी भरतेत, लाकडं फोडतेत. पन मागावर बसत नाई. बापू रोज म्हनतेत, बस बापा, अन् हे उठून बाहेर जातेत."

मी विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हनतेत, माहं मोजनं गेलं. दोन चकत्या मोजता आल्या नाई, हजार धागे काय मोजू? परवा बसले होते. चार बोटं इनलं अन् उसवून टाकलं. बराबर होतं जी, मी पाह्यलं. बराबरच होतं. पन त्यायचा भरोसा नाई बसत."

ती मला विनवत होती. तिच्या नवऱ्याला बरं करणारी एकच गोष्ट जगात होती, आणि ती माझ्याकडे होती. मी जाऊन एवढंच म्हणायचं होतं की तुझं मोजणं गेलं नाही, त्या दिवशी तू दमलेला होतास, तू मला सांगितलंस आणि मी तुला हसलो. पण ते म्हटलं असतं तर कमिटीला दिलेल्या दोन ओळींचं काय? मी कमलाला म्हणालो, "हळूहळू बसेल. वेळ द्या." ती थोडी थांबली, मला आणखी काही सुचतं का ते पाहत. मग गेली.

पुढे दोनेक वर्षांनी कळलं की घरातला माग मोडला, बापू वारले, आणि ईश्वर कुठेतरी हमालीला लागला. मी चौकशी केली नाही. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं होतं, व्यायामशाळेत नवी माणसं आली होती, आणि जो तो विचारत होता, दंड किती दिवसांत भरतील.

मला अक्कल आली ती अशी. शाळामास्तरांना मतदार याद्या तपासायच्या कामाला लावतात. मला चार दिवस लावलं. बंद खोलीत बसून नावं जुळवायची, बापाचं नाव, वय, घर क्रमांक, एका यादीतून दुसऱ्या यादीत. चौथ्या दिवशी घरी येऊन मी माझे रोजचे शंभर जोर काढायला लागलो. शंभर जोर मी तापातही काढलेले आहेत. साठावर मी थांबलो. दंड भरून आले नव्हते, छाती फुलली नव्हती. आत कुणीतरी म्हणालं, पुरे. मी पुन्हा खाली गेलो आणि मला आकडा आठवेना. साठ झाले की सत्तर? मी जमिनीवर तसाच पालथा पडून राहिलो. बायकोला वाटलं मला काही झालं. तिने पाणी आणलं. मी पाणी प्यायलो, आणि ईश्वरचा तो चकती धरून उभा असलेला चेहरा माझ्या पुढ्यात आला.

हे कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे गेलो असतो, तर मी बरा माणूस ठरलो असतो. मला जायला आणखी दोन वर्षं लागली. व्यायामशाळेत मी एक बदल मात्र लगेच केला. माणूस आला की आधी विचारायचो, आज दिवसभर काय केलंस? दिवसभर डोकं खपवून आलेल्याला फक्त आखाडा झाडायला लावायचो आणि घरी पाठवायचो. लोक म्हणाले, गुरुजी म्हातारे झाले, मऊ पडले. पडू द्या.

तो तुमसरच्या रस्त्यावर एका राईस मिलमध्ये होता. दुपारची वेळ, धानाच्या कोंड्याची धूळ हवेत. पाठीवर पोतं घेऊन माणसं ट्रकपासून आत जात होती, आणि दारात एकजण वहीत रेघा मारून पोती मोजत होता. ईश्वर मला चालण्यावरून ओळखू आला. केस पिकले होते. मला पाहून त्याने पोतं आत टाकलं, गमछाने तोंड पुसलं आणि माझ्या पाया पडला. मी मागे सरलो.

"कसा आहेस?"

"बरा आहो जी. मेहनतीचं काम आहे. तुमची किरपा, अंगात ताकद आहे."

मी म्हणालो, "ईश्वर, त्या दिवशीचं सांगायचं होतं." आणि सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. तो पायरीवर बसलेला, आम्ही हसलेलो, चकती धरून तो थांबला होता ते मी पाहिलेलं, आणि कमिटीला मी काय लिहून दिलं आणि काय नाही ते. म्हणालो, "तुझं मोजणं गेलं नव्हतं. तीन दिवस धागे ओवून कुणाचंही डोकं तसंच झालं असतं. दोन रात्री नीट झोपला असतास तर पुरलं असतं. माझंही झालं, मतदार याद्या तपासून. मला माझे जोर मोजता आले नाहीत."

त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे माहं डोकं तवा बराबर होतं?"

"दमलं होतं. बाकी बरोबर होतं."

"तुमाले हे तवाच माहीत होतं का जी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, "दमलेला आहेस हे तू सांगितलंच होतं. तेवढं माहीत होतं."

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला सोसवलं असतं. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता, बोटं उघडत होता, मिटत होता. बोटांना पोत्याच्या सुतळीचे घट्टे पडले होते. असल्या बोटांना रेशमाचा धागा जाणवतसुद्धा नाही.

"बापू जाईपर्यंत म्हनत होते," तो म्हणाला, "ईश्वर, तुहं मोजनं गेलं नाई, बस. मले वाटे, बाप आहे, म्हनून म्हन्ते. तुमी एकडाव येऊन म्हनले असते ना गुरुजी, तं मी बसलो असतो."

दारातल्या माणसाने त्याला हाक मारली. तो ट्रककडे गेला, वाकला, आणि वरच्या दोघांनी पोतं त्याच्या पाठीवर ठेवलं.